महामारीत मॉरिशसला सहा-आठ महिने राहायला आलेले लोक तिथे रुळले कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुमच्या मित्राने २०२१ मध्ये कोविडच्या काळात मॉरिशसला आठ महिने काढले, पहिला महिना स्वर्ग होता म्हणतो, पुढचे दोन अंगावर आले, आणि निघताना मात्र पाय निघेना, तर हे असं का होतं. आणि तुम्ही दोघं सात वर्षांच्या मुलीला घेऊन सहा महिने लॅपटॉपवर काम करत तिथे राहायचं म्हणताय, तर बस्तान कसं बसवायचं, मध्येच परत जग बंद पडलं तर काय. मी मूळची चिपळूणची, २००९ पासून मॉरिशसमध्ये आहे, कात्र बॉर्नला राहते आणि फर्निचरसकट भाड्याने द्यायची घरं सांभाळते, म्हणजे घर दाखवणं, किल्ल्या देणं, गीझर बिघडला की माणूस पाठवणं, भाडेकरू तापाने पडला की डॉक्टरकडे घेऊन जाणं, सगळं माझ्याकडे. २०२० आणि २१ मध्ये माझ्याकडच्या घरांत अडकून पडलेले लोकही राहिले आणि मुद्दाम ठरवून आलेलेही, त्यामुळे जे सांगतेय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एक सांगते, घर समुद्र बघून घेऊ नका, गाव बघून घ्या. हे मला स्वतःला शिकायला ११ वर्षं लागली. तोवर मी पण सगळ्यांना खिडकीतून समुद्र दिसतो का याच हिशोबाने घरं दाखवायचे, कारण दहा दिवसांच्या पाहुण्याला तेच हवं असतं आणि दहा दिवसांत त्याला दुसरं काही लागतही नाही. मॉरिशस म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५, गाडी असली की कुठूनही कुठेही दीड-दोन तासात पोचता, त्यामुळे वाटतं की कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो. बेट उघडं असेपर्यंत खरंच पडत नाही. बेट बंद झालं की तुम्ही चालत जिथवर जाऊ शकता तेवढंच तुमचं बेट उरतं.

मार्च २०२० चं सांगते. १८ मार्चला इथे पहिले तीन रुग्ण सापडले, १९ ला विमानतळ बंद, २० पासून लॉकडाऊन, आणि २४ तारखेपासून सुपरमार्केट, बेकरी, दुकानं सगळं बंद, आणि ते पुढे जवळजवळ दहा दिवस. तुम्हाला तिकडे निदान किराणा आणि दूध मिळत होतं, इथे पावसुद्धा नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे एक जोडपं नैऋत्येला ल मॉर्नच्या बाजूला एका सुंदर बंगल्यात होतं, समोर निळंशार लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतला उथळ समुद्र, मागे डोंगर, दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर कोणी नाही. दोन आठवड्यांसाठी आलेले, फ्रिजमध्ये चीज, अंडी, अर्धा पाव आणि वाईन. भाड्याची गाडी त्यांनी १९ ला परत केलेली कारण २१ चं विमान होतं, ते उडालंच नाही. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा ती बाई बोलताना रडत होती आणि मला उत्तर सुचेना, कारण ते घर मीच त्यांना 'एकदम शांत आहे' म्हणून दिलेलं. शेवटी तिथून दोन किलोमीटरवरच्या एका कोळ्याच्या बायकोने, जी माझ्याकडे साफसफाईला यायची, पोलिसांना सांगून तांदूळ, मसूर आणि खारवलेले मासे पोचवले. तेव्हापासून मी लांब मुक्कामाच्या माणसाला ते घर देत नाही.

आणि त्याच दिवसांत फ्लिक-आं-फ्लाकच्या मागच्या गल्लीत, जिथून समुद्र अजिबात दिसत नाही, एक छोटं वरच्या मजल्याचं घर आहे, तिथे एक मराठी नवरा-बायको अडकलेले. त्यांचं काय झालं, खाली गल्लीच्या तोंडाशी एक चिनी माणसाचं जुनं दुकान, इथे त्याला लाबुतिक म्हणतात, आपल्या वाण्यासारखंच. आल्यापासून तीन आठवडे ते दोघं रोज तिथून पाव आणि दूध घ्यायचे, मोठ्या सुपरमार्केटमध्ये जाण्याचा कंटाळा म्हणून, बाकी काही विचार नव्हता त्यात. पण त्यामुळे दुकानदार त्यांना ओळखायचा. लाबुतिकमध्ये करने नावाची पद्धत असते, करने म्हणजे उधारीची वही, महिनाअखेर हिशोब. २ एप्रिलला दुकानं परत उघडली तेव्हा त्याने त्या दोघांच्या नावाचं पान स्वतःहून काढलेलं होतं, कारण त्यांचं भारतातलं कार्ड चालेना आणि एटीएमपर्यंत जायची परवानगी नव्हती. परदेशी माणसाला, जो उद्या विमान मिळालं तर निघून जाणार आहे, त्याला उधारी. मला हे त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी किती वेळ गप्प बसले होते.

दुकानं उघडली ती आडनावाच्या अक्षराप्रमाणे, हे तुम्हाला गंमत वाटेल पण खरं आहे: ए ते एफ सोमवारी आणि गुरुवारी, जी ते एन मंगळवारी आणि शुक्रवारी, ओ ते झेड बुधवारी आणि शनिवारी, रविवार सगळ्यांना बंद. तोंडाला मास्क, एका माणसाला आत अर्धा तास, आणि तांदूळ-पीठ-तेल मोजून. या जोडप्यात बायकोने माहेरचं आडनाव ठेवलेलं, ती डी वर, नवरा एस वर, म्हणजे त्या घराला आठवड्यात चार दिवस मिळाले, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं सामान पण तेच आणायला लागले. त्या बाईंनी पुढे त्यांना क्रिओल, म्हणजे इथली रोजची बोली, शिकवली. जूनच्या मध्याला सगळं उघडलं तेव्हा ते दोघं बेटावर रुळलेले होते, आणि बंगल्यातलं जोडपं पहिल्या मिळेल त्या विमानाने गेलं. पैसे दोघांकडे होते, स्वभावाने दोघंही चांगली माणसं, फरक फक्त घर कुठे होतं याचा.

म्हणून घर शोधताना बघायचं काय तर दारातून निघून दहा मिनिटं चालत लाबुतिक आहे का, भाजीवाला येतो का, बसथांबा आहे का, औषधाचं दुकान आहे का, आणि आजूबाजूच्या घरांत वर्षभर राहणारे लोक आहेत की सगळे पाहुण्यांसाठीचे फ्लॅट. शेवटचं फार महत्त्वाचं. २०१९ मध्ये या बेटावर जवळजवळ १४ लाख पर्यटक आले, लोकसंख्याच साडेबारा लाखांच्या आसपास, आणि २०२१ मध्ये आले फक्त १ लाख ८० हजार. विचार करा, ग्रां बे सारख्या ठिकाणी ज्या इमारती फक्त पाहुण्यांसाठी होत्या तिथे संध्याकाळी पूर्ण इमारतीत एका खिडकीत दिवा. भाडी पडलेली म्हणून लोक मोहाने तिथे मोठे फ्लॅट घ्यायचे आणि महिनाभरात मला फोन यायचा, दुसरीकडे काही आहे का, इथे भीती वाटते.

हवेचं पण बघा. मे ते ऑक्टोबर इथला हिवाळा, आग्नेयेकडून वारं सुटतं, पूर्व किनारा फोटोत कितीही छान दिसला तरी जुलैमध्ये तिथे व्हरांड्यात बसून कॉल घेता येत नाही, कागद उडतात आणि समोरच्याला नुसतं घोंघों ऐकू जातं. तेव्हा पश्चिम बरी, फ्लिक-आं-फ्लाक, तामारँ, ब्लॅक रिव्हर, नाहीतर उत्तर. नोव्हेंबर ते एप्रिल उलट, किनाऱ्यावर घामाच्या धारा आणि मधल्या पठारावर सुख. क्युरपिप साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथला पाऊस म्हणजे आपला कोकणातला श्रावण पण वर्षभर, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कात्र बॉर्न, रोझ हिल मधोमध, ना फार ओलं ना फार गरम, बाजार जवळ, आणि आता मेट्रो पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत यातूनच जाते. समुद्र अर्ध्या-पाऊण तासावर. मुलगी बरोबर आहे तर मी तुम्हाला अशाच ठिकाणी राहा आणि समुद्रावर शनिवार-रविवार जा असं म्हणेन, ऐकायला वाईट वाटतं मला माहितीये, एवढं लांब जाऊन समुद्रापासून दूर का राहायचं, पण इथली माणसं पण तसंच करतात. रविवारी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बिर्याणीची पातेली, रवान नावाची डफासारखी चर्मवाद्यं, आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसलेले, तो समुद्र तुम्हाला खाजगी व्हरांड्यातून कधी दिसणार नाही.

घर घेताना वर पाण्याची टाकी आहे का ते चढून बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाआधीचे महिने, तेव्हा नळाला ठराविक तासच पाणी असतं, टाकी असेल तर कळतही नाही. फायबर इंटरनेट जवळपास सगळ्या बेटावर आहे पण त्या घरात चालू आहे का हे व्हिडिओ कॉल लावून तपासा, कागदावरचा वेग बघू नका. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे, काही जुन्या घरात फ्रेंच दोन गोल पिनांचे, आपला तीन गोल पिनांचा बसत नाही, दोन-तीन अडॅप्टर आणा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून.

आता वेळेचं, कारण भारतातली नोकरी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची पहिली चूक इथेच होते. मॉरिशस भारताच्या दीड तास मागे. म्हणजे तुमची दहाची मीटिंग इथे साडेआठला, आणि तिकडे साडेसहाला ऑफिस सुटलं की इथे पाचच वाजलेत. ऐकायला छान, आहेही छान, पण मुलीची ऑनलाइन शाळा आठची असेल तर ती इथे साडेसहाला होते आणि जूनमध्ये तेव्हा जेमतेम उजाडायला लागलेलं असतं. २०२१ ला एका कुटुंबाने पोराला रोज सहाला उठवायचं ठरवलं आणि स्वतः मात्र सुट्टीच्या मूडमध्ये रात्री बारापर्यंत जागायचे, तीन आठवड्यांत घरात सगळे सगळ्यांवर चिडलेले. उपाय एकच, अख्ख्या घराने नऊ-साडेनऊला झोपायचं आणि संध्याकाळचे पाच ते सात हे दोन तास पवित्र मानायचे. हिवाळ्यात पावणेसहाला सूर्य बुडतो, उन्हाळ्यात सातच्या सुमारास, म्हणजे काम संपवून पाण्यात उतरता येतंच, फक्त लॅपटॉप बंद करायचा. आणि पाण्यात उतरताना पायात रबरी बूट घाला, लगूनमध्ये दगडासारखा दिसणारा एक मासा असतो, इथे लाफ म्हणतात, त्याच्यावर पाय पडला तर थेट हॉस्पिटल.

तुमच्या मित्राचा स्वर्ग आणि मग अंगावर येणं, हे मी इतक्या लोकांचं बघितलंय की आता तारीख सांगू शकते. ऑक्टोबर २०२० पासून जे आले त्यांना आधी १४ दिवस हॉटेलच्या खोलीत क्वारंटाइन, स्वतःच्या पैशाने, जेवण दारात ठेवून जायचे, आल्याबरोबर, सातव्या आणि चौदाव्या दिवशी नाकात काडी. तिथून सुटलेला माणूस म्हणजे पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी, आणि बाहेर काय तर मास्क नाही, हॉटेलं उघडी, लग्नं, सिनेमा, कारण तोपर्यंत बेटाच्या आत कोविड जवळपास नव्हताच. तीन-चार आठवडे लोक वेड्यासारखे फिरतात. सगळे धबधबे, सगळे डोंगर, सगळी बेटं उरकतात. आणि साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात एक मंगळवार येतो, बाहेर पाऊस, बघायचं सगळं बघून झालेलं, बोलायला कोणी नाही, घरी आई-वडील एकटे, आणि मनात येतं आपण इथे काय करतोय. कोविडमध्ये त्याच्यात अपराधीपणाची भर, की तिकडे लोक मरतायत आणि आपण इथे नारळपाणी पितोय. लोक मला म्हणायचे घर बदलून द्या. घराचा काही दोष नसायचा, आठवड्याला आकार नव्हता एवढंच.

म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगते की पहिल्या महिन्यात अर्धं बेट बघूच नका, शिल्लक ठेवा. त्याऐवजी आठवडा बांधा. कात्र बॉर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी, फ्लाकचा बुधवारी आणि रविवारी, माएबुरचा सोमवारी. एक बाजार आपला ठरवायचा आणि प्रत्येक आठवड्याला त्याच भाजीवाल्याकडे जायचं, जास्त पैसे गेले तरी. तिसऱ्या वेळेला तो तुम्हाला कोथिंबीर फुकट देतो, पाचव्या वेळेला मुलीचं नाव विचारतो. आणि इथली भाजी ऐकून तुम्हाला बरं वाटेल: लालो म्हणजे भेंडी, ब्रँझेल म्हणजे वांगं, पिपंगाय म्हणजे दोडका, काल्बास म्हणजे दुधी, मार्गोझ म्हणजे कारलं, ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला, कोतोमिली म्हणजे कोथिंबीर, आणि साफ्राँ मागितलं तर केशर नाही, हळद मिळते. टोमॅटोला पोमदामूर. हे नऊ शब्द आणि बोंझूर म्हणजे नमस्कार, की मानिएर म्हणजे कसं काय, कोरेक म्हणजे ठीक, एवढं आलं की बाजारात तुम्ही पाहुणे राहत नाही. इंग्रजी बहुतेकांना कळतं, फ्रेंच पण, पण क्रिओलमध्ये चुकीचं का होईना बोललात की चेहरे बदलतात. घाबरू नका, तुमची मुलगी तुमच्या आधी शिकेल.

स्वयंपाकाला डाळ-तांदूळ, मैदा, कणीक, बासमती सगळं मिळतं. गोडा मसाला, कोकम, मेतकूट, भाजणी घेऊन या. बिया, ताजी फळं-भाज्या, झाडपाला आणू नका, इथे फार कडक आहेत आणि बरोबरच आहे, बेट आहे. रस्त्यावर डालपुरी खा, आपली पुरणपोळी जशी पातळ लाटतो तशीच पण आत डाळ जराशी खारी, गोड नाही, दोन-दोनच्या जोडीने मिळते, वरून वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा घट्ट रस्सा, आणि सातिनी, म्हणजे चटणी. गातो पिमाँ हे आपले डाळवडेच, सकाळी पावात घालून. नोव्हेंबर-डिसेंबरात लिची आणि आंबे.

औषधांचं मात्र नीट ऐका. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या, कोडीन किंवा ट्रमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या इथे बंदी किंवा कडक परवानगीच्या यादीत येतात, आपल्याकडे सहज लिहून देतात म्हणून तशाच बॅगेत टाकून आणू नका, आधी परवानगीचं बघा आणि डॉक्टरचं पत्र जवळ ठेवा. रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या तरी हव्यात. आरोग्य विमा असा घ्या की ज्यात महामारी वगळलेली नाही, हे बारीक अक्षरात असतं आणि २०२० ला कितीतरी जणांना तिथेच फटका बसला. व्हिसासाठी प्रीमियम व्हिसा बघा, तो २०२० च्या शेवटी याच कामासाठी काढला, एक वर्षाचा, वाढवता येणारा, अट अशी की कमाई मॉरिशसच्या बाहेरची हवी, महिना किमान १५०० डॉलर, विमा हवा, परतीचं तिकीट हवं, आणि इथे नोकरी करायची नाही. सहा महिन्यांच्या पुढे राहणार असाल तर टॅक्सचा प्रश्न दोन्हीकडे येतो, १८२-१८३ दिवसांचं गणित आहे, निघायच्या आधीच सीएशी बोला, इथे येऊन नाही.

वादळांचं घाबरवत नाही पण नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा मोसम. इशारे एक ते चार, क्लास दोन लागला की शाळा बंद, क्लास तीन म्हणजे आता घरात, क्लास चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झालेत, दार उघडायचं नाही. क्लास एक लागला की त्या लाबुतिकमध्ये जाऊन मेणबत्त्या, बिस्किटं, पाणी आणायचं, बादल्या भरायच्या, खुर्च्या आत घ्यायच्या. शेजारी काय करतायत ते बघा आणि तसंच करा.

आता एक गोष्ट जी राहण्याच्या सल्ल्यात बसत नाही, पण माझ्या मते रुळण्याचा अर्थ तिच्यात आहे. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीजवळ प्रवाळाच्या खडकावर चढलं, आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल सुटायला लागलं, हजार टनांच्या आसपास, ते पण ब्लू बेच्या सागरी उद्यानाच्या एवढ्या जवळ. दुसऱ्या दिवसापासून माएबुरच्या किनाऱ्यावर अख्खं बेट लोटलं. उसाचं पाचट आणायचं, कापडाच्या लांब पिशव्या शिवायच्या, त्यात पाचट भरायचं, तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधायच्या आणि पाण्यात सोडायचं, तेल अडवायला. मी तीन दिवस शिवत होते. फ्लिक-आं-फ्लाकचं ते जोडपं पण आलं, अजून विमान मिळालं नव्हतं म्हणून नव्हे, तोपर्यंत मिळत होतं, त्यांनीच मुक्काम वाढवलेला. तो इंजिनिअर माणूस, गुडघाभर काळ्या चिखलात, आणि शेजारी ती क्रिओल शिकवणारी म्हातारी सुई-दोरा घेऊन. वासाने डोकं धरायचं. त्या दिवसानंतर त्यांना कोणी वाकांसिए म्हणजे सुट्टीवर आलेला म्हटलं नाही.

त्याच महिन्यात २२ ऑगस्टला गणपती होते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. कोकणातून, विशेषतः रत्नागिरीच्या पट्ट्यातून, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेल्यांची पुढची पिढ्यानपिढ्या इथली माणसं आहेत, घरात क्रिओल बोलतात पण आरती पाठ, जाखडीला झाकरी म्हणतात आणि नाचतात, मुलं शाळेत मराठी विषय घेतात. कास्कावेलसारख्या गावात जाऊन बघा. पण त्यांच्याकडे 'आपली माणसं' म्हणून हक्काने जाऊ नका, ते मॉरिशियन आहेत, पुण्या-मुंबईच्या माणसाने मराठी सुधारलेली त्यांना आवडत नाही आणि का आवडावी. बोलवलं तर जा, मोदक करायला हात लावा, गप्प बसून ऐका. मी चिपळूणची असून इथल्या आजीच्या तोंडून काही शब्द असे ऐकलेत की जे माझ्या पणजीनंतर मी ऐकले नव्हते.

दुसरा लॉकडाऊन १० मार्च २०२१ ला लागला, आदल्या रात्री जाहीर झाला आणि ११ ला महाशिवरात्र, लोक पांढऱ्या कपड्यांत कावड घेऊन चालत गंगा तलावाकडे निघालेले, अर्ध्या वाटेवरून घरी. परत आडनावाची अक्षरं, परत परवाने. पण या वेळी माझ्याकडची सगळी घरं गावातली होती, एकालाही उपाशी राहावं लागलं नाही. अवघड गेलं ते एप्रिल-मे, भारतातली दुसरी लाट. दुबईहून आलेलं एक मराठी कुटुंब रोझ हिलला होतं, त्यातल्या नवऱ्याचे वडील सोलापुरात ऑक्सिजनवर. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद, ती मार्च २०२० पासून बंद होती आणि मार्च २०२२ च्या शेवटापर्यंत बंदच राहिली, मधे फक्त ठराविक देशांशी ठरलेली उड्डाणं. इथे लॉकडाऊन. जाणार कसा. नऊ दिवस तो माणूस फोन हातात घेऊन व्हरांड्यात बसून होता, आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक, मुसलमान कुटुंब, रोजे चालू असताना रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जेवण पाठवायचे, त्याच्या मुलांना खाली घेऊन जायचे. वडील गेले. शेवटचं दर्शन व्हिडिओवर. दहाव्याला काय करायचं कळेना तेव्हा घरमालकाने स्वतःची गाडी आणि परवाना काढून त्याला नदीपर्यंत नेलं.

तुम्ही विचारलंत मध्येच परत बंद पडलं तर काय, म्हणून हे लिहिलं. निघायच्या आधी भावंडांशी स्पष्ट बोलून ठेवा की आई-बाबांना काही झालं आणि येता आलं नाही तर कोण काय करेल, बँकेच्या सह्या, विम्याचे कागद, जवळचा डॉक्टर. हे बोलणं टाळून आलेले लोक इथे रात्र-रात्र झोपत नव्हते. एका परतीच्या प्रवासाचे पैसे, तिप्पट तिकीट धरून, बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका.

तो सोलापूरचा माणूस पुढे अजून पाच महिने राहिला. मी म्हटलं होतं तुला जायचं असेल तर उरलेलं भाडं सोडते, तर म्हणाला जिथे बाबांसाठी रडलो त्या घरातून एवढ्यात जावंसं वाटत नाही. त्याची मुलं अजून खालच्या मुलांशी क्रिओलमध्ये व्हॉट्सॲपवर बोलतात. तुमच्या मित्राला निघताना पाय का निघेना हे मला विचारू नका, त्यालाच विचारा की तो कोणाच्या दुकानातून पाव घ्यायचा. नाव पटकन सांगेल बघा.

तुम्ही कुठल्या महिन्यात येताय, मुलीची शाळा ऑनलाइन किती वाजता असते आणि तुमच्या मीटिंगा संध्याकाळी किती लांबतात एवढं लिहा, म्हणजे कुठलं गाव बघायचं ते सांगते. आणि पहिले १५ दिवसच बुक करा, पूर्ण सहा महिने आधी नको, घर स्वतः चालून बघितल्याशिवाय पुढचे पैसे कोणालाच देऊ नका, मला पण नाही.